‘ऐदी’ कोणाला म्हणावे?

सुटीच्या दिवशी सकाळचे दहा वाजले तरी अंथरुणात लोळणाऱ्या चिरंजीवांना आई जो शब्द ऐकवते, चहाचा रिकामा कप जागचा न हलविणाऱ्या यजमानांना गृहिणी जो शब्द बहाल करते आणि टेबलावरची फाईल महिनोन्‌महिने पुढे न सरकविणाऱ्या कर्मचाऱ्याकडे पाहून सामान्य नागरिक जो शब्द मनातल्या मनात पुटपुटतो, तो एकच आहे- ऐदी. या शब्दात राग असतो, पण तो थोडा लाडिक असतो. ‘आळशी’ म्हटले की समोरचा दुखावतो, ‘ऐदी कुठला!’ म्हटले तर तो कूस बदलून हसतो. घरगुती वाटणारा हा शब्द मात्र मूळचा घरातला नाही. तो बादशहाच्या छावणीतून आपल्याकडे आला आहे आणि तेथे त्याचा अर्थ आळशी असा नव्हता. उलट, ती एक मानाची पदवी होती. मानाची पदवी शिवी कशी झाली, याची कथा रंजक तर आहेच. शिवाय आपण कोणाला आळशी म्हणतो आणि का म्हणतो, याचाही विचार करायला लावणारी आहे.

आळशांचे गोत

आळशी माणसासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. ‘आळशी’ हा सर्वांत सरळ शब्द. संस्कृतातील ‘अलस’ आणि त्यावरून झालेले ‘आलस्य’ हे त्याचे मूळ. भगवद्‌गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण माणसाला प्रमाद, आलस्य आणि निद्रा यांनी बांधून ठेवतो असे सांगितले आहे, तर अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘अलस’ आणि ‘दीर्घसूत्री’ हे दोन्ही शब्द येतात. दीर्घसूत्री म्हणजे ज्याचा धागा लांबतच जातो असा. आजचे उद्यावर आणि उद्याचे परवावर ढकलणारा. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे. तळे आटणार हे ओळखून आधीच निघून जाणारा, संकट आल्यावर प्रसंगावधानाने सुटणारा आणि ‘पाहू पुढे’ म्हणत जाळ्यात सापडणारा. त्या तिसऱ्या माशाचे नाव दीर्घसूत्र असेच आहे.

‘सुस्त’ हा शब्द फारसीतून आला. ‘अंगचोर’ आणि ‘कामचुकार’ हे अस्सल देशी शब्द. त्यांतला दोष आळसाचा कमी आणि लबाडीचा अधिक. अंगात बळ असून ते चोरून ठेवणारा तो अंगचोर. ‘खुशालचेंडू’ हा त्यांतला सर्वांत गमतीदार. कोणी टोलवावे आणि आपण मजेत घरंगळत जावे, अशी वृत्ती त्यात नेमकी पकडली आहे. आणि ‘आयतोबा’ तर मराठी स्वभावाचा नमुनाच म्हणावा लागेल. ज्या ‘ओबा’ने आपण विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा आणि तुकोबा म्हणतो, तोच आदराचा प्रत्यय आयते खाणाऱ्यालाही लावून त्याची थट्टा करतो. वाघोबा, नागोबा आणि ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ यातला पोटोबा ही याच कुळातली मंडळी. अशा माणसासाठी म्हणीही तयार आहेत. ‘आयत्या बिळावर नागोबा’, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’, ‘खायला काळ, भुईला भार’.

या सगळ्या गोतावळ्यात ‘ऐदी’ थोडा वेगळा बसतो. आळशी आणि ऐदी हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांच्यात एक सूक्ष्म फरक आहे. आळशी माणसाला काम करावेसे वाटत नाही. ऐदी माणसाला काम करण्याची गरजच वाटत नाही, कारण त्याचे भागते. आळशी माणूस उपाशी राहू शकतो. ऐदी माणूस मात्र वेळेवर जेवतो. त्याच्यासाठी कोणीतरी राबत असते, कोठून तरी ठरलेले मिळत असते. शब्दाला ही ‘बसून खाण्या’ची छटा आली कोठून, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

‘अहद’ म्हणजे एक

अरबी भाषेत ‘अहद’ म्हणजे एक. ईश्वर एकमेव आहे हे सांगताना कुराणात हाच शब्द आला आहे. त्यावरून ‘अहदी’ म्हणजे एकटा, एकांडा, कोणाच्या हाताखाली नसलेला. (मराठी वाचकाला ‘अहद तंजावर तहद पेशावर’ या वाक्प्रचारातला ‘अहद’ येथे आठवेल. तो मात्र निराळा. त्याचा संबंध ‘हद्द’ या शब्दाशी असून ‘या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत’ असा त्याचा अर्थ आहे.)

‘अहदी’चा ‘ऐदी’ होणे हे मराठी जिभेच्या सवयीला धरूनच झाले. शब्दाच्या मधला ‘ह’ आपण बोलताना गिळतो आणि आधीचा ‘अ’ त्याची भरपाई करतो. ‘पहलवान’चा ‘पैलवान’ असाच झाला. ‘वहिनी’ची बोलीभाषेत ‘वैनी’ होते, ‘पहिला’चा ‘पैला’ होतो. गुजरातीतही हा शब्द ‘एदी’ या रूपात आणि आळशी याच अर्थाने नांदतो आहे. हिंदीत ‘अहदी’ हे मूळ रूप टिकले, पण अर्थ मात्र तोच- निष्क्रिय, बसून खाणारा. म्हणजे तीन भाषांनी एकाच शब्दाला एकच शिक्षा ठोठावली. तेव्हा अपराध काही तरी घडला असला पाहिजे!

बादशहाचा खास माणूस

अकबराच्या राज्यकारभाराचा तपशीलवार वृत्तांत म्हणजे त्याचा मंत्री आणि इतिहासकार अबुल फझल याने लिहिलेला ‘ऐन-ए-अकबरी’ हा ग्रंथ. त्याच्या लष्करविषयक भागात अहदींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ब्लॉकमन यांनी या भागाचे इंग्रजी भाषांतर १८७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून ही माहिती अभ्यासकांना सहज उपलब्ध झाली.

मोगल लष्कराची मांडणी मनसबदारीवर उभी होती. प्रत्येक मनसबदाराला दर्जाप्रमाणे ठराविक घोडेस्वार बाळगावे लागत. साधा शिपाई हा त्या मनसबदाराचा माणूस असे, बादशहाचा नव्हे. अहदींचे तसे नव्हते. शूर आणि लायक, पण मनसब न दिलेल्या अशा माणसांना अकबराने कोणाही सरदाराच्या हुकमतीखाली न ठेवता थेट स्वतःच्या सेवेत घेतले. ते ‘एकटे’ होते ते या अर्थाने. कोणाच्या तुकडीत नाहीत, कोणाच्या पदरी नाहीत. मालक एकच आणि तो म्हणजे खुद्द बादशहा.

त्यांच्यासाठी वेगळा दिवाण आणि वेगळा बक्षी नेमलेला होता आणि दरबारातला एखादा बडा अमीर त्यांचा प्रमुख असे. भरतीसाठी आलेल्या उमेदवारांना रोज बादशहापुढे उभे केले जाई. पसंती मिळाल्यावर त्यांची कागदोपत्री नोंद होई, अंगाखांद्यावरच्या खुणांसह वर्णन लिहून घेतले जाई, जामीन घेतला जाई आणि मग त्यांना दुसऱ्यांदा बादशहापुढे नेले जाई. या दुसऱ्या भेटीत बहुधा पगारात वाढच होई. अनेक अहदींना महिना ५०० रुपयांहून अधिक वेतन मिळत असे, असे अबुल फझल नमूद करतो. त्याच ग्रंथात साध्या बंदूकधारी शिपायाचे मासिक वेतन ११० ते २५० दाम दिले आहे. चाळीस दामांचा एक रुपया, हा त्या वेळचा हिशेब धरला तर ते पावणेतीन ते सव्वासहा रुपये होतात. म्हणजे वरच्या श्रेणीचा एक अहदी आणि साधा शिपाई यांच्यातले अंतर किमान ऐंशी पटीचे होते.

एवढा पगार घेणारी ही माणसे निवांत पडून राहत असतील, असे कोणाला वाटेल. नियम मात्र कडक होते. दर चार महिन्यांनी त्यांची हजेरी आणि घोड्याची तपासणी होई. दिवाण आणि बक्षी यांच्या सहीचा दाखला असल्याशिवाय खजिन्यातून पैसा सुटत नसे. नोकरीत येताना पहिला घोडा अहदीने स्वतःचा आणायचा, पुढचा सरकारातून मिळे. घोडा मेला तर निरीक्षकांचा तसा दाखला दाखवावा लागे. दाखला असला तरी नवा घोडा येईपर्यंत घोड्याच्या खर्चाची रक्कम बंद आणि दाखला नसेल तर मागच्या हजेरीपासूनचे सारेच बुडाले. वर्षातून रोख रक्कम मिळे ती दहा महिन्यांची आणि तीतूनही विसावा हिस्सा कापला जाई. आजच्या एखाद्या कार्यालयातील हजेरीपत्रक, वैद्यकीय दाखला आणि पगारकपात यांची आठवण व्हावी, इतकी ही व्यवस्था काटेकोर होती.

अहदी केवळ लढवय्ये नव्हते. दरबारातील चित्रकार, शाही कारखान्यांतील मुकादम, दफ्तरातील लेखनिक अशा मधल्या फळीतल्या अनेकांना अहदीचा दर्जा असे. बादशहाचे हुकूम अमीरांपर्यंत पोहोचविण्याचे कामही त्यांच्याकडे असे. इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून १६१५ मध्ये हिंदुस्थानात आलेला सर टॉमस रो जहांगीरच्या दरबारातल्या या माणसांचा उल्लेख ‘हॅडी’ असा करतो. शहाजहानच्या काळातील इतिहासकार लाहोरी लष्कराची जी गणना देतो, तीत अहदी आणि घोड्यावरचे बर्कंदाज म्हणजे बंदूकधारी मिळून सात हजार भरतात. दोन लाख घोडदळाच्या मानाने हा आकडा लहान आहे. मोजकी, निवडक आणि थेट बादशहाला बांधलेली माणसे, हेच त्यांचे वैशिष्ट्य होते.

काबूलचा दंगा

ही माणसे प्रसंगी काय करू शकत, याचा पुरावा १६२६ मध्ये मिळाला. त्या वर्षी महाबतखान या सेनापतीने झेलम नदीच्या काठी चक्क जहांगीर बादशहालाच ताब्यात घेतले. बादशहा नावापुरता राहिला आणि छावणी काबूलला गेली तेव्हा खरी सत्ता महाबतखान आणि त्याचे राजपूत स्वार यांच्या हाती होती. काबूलजवळच्या शाही शिकारीच्या रानात या स्वारांनी घोडे चरायला सोडले. रखवालीवरच्या अहदीने हरकत घेतली आणि त्यात त्याचा जीव गेला. अहदींनी दाद मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा ते एकजुटीने उठले आणि त्या झुंजीत महाबतखानाचे शेकडो स्वार मारले गेले. महाबतखानाचा दरारा ओसरण्यास येथूनच सुरुवात झाली आणि त्याच वर्षी जहांगीर त्याच्या कचाट्यातून सुटला.

सेनापतींना आणि अमीरांना जे साधले नव्हते, त्याची सुरुवात या ‘ऐदी’ लोकांनी केली. मग त्यांच्या नावावर आळसाचा शिक्का कसा बसला?

बसण्याचे काम

याचे उत्तर काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने सिद्ध केलेल्या ‘हिंदी शब्दसागर’ या कोशात सापडते. ‘अहदी’ या शब्दाखाली तेथे दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अशी की, अकबराच्या काळातले हे शिपाई मोठी गरज पडेल तेव्हाच कामाला लावले जात. एरवी ते बसून खात. त्यावरून आळशी माणसाला अहदी म्हणण्याचा प्रघात पडला. दुसरी अशी की, जे जमीनदार सारा भरण्यास टाळाटाळ करीत, त्यांच्याकडे वसुलीसाठी कधी कधी अहदी पाठविले जात. ते दारात ठाण मांडून बसत आणि वसुली झाल्याखेरीज उठत नसत.

या दोन्ही गोष्टींत समान धागा आहे तो ‘बसण्या’चा. पण दोन्ही ठिकाणी बसणे हेच काम होते. राखीव फौजेचा उपयोगच मुळी ती राखून ठेवण्यात असतो. रोज लढविली तर ती राखीव राहत नाही. आणि थकबाकीदाराच्या दारात बसणे हा त्या काळच्या वसुलीतला हमखास उपाय होता. मराठी राज्यातही तो सर्वज्ञात होता. तगाद्याला शिपाई बसवीत आणि त्याचा खर्च त्या देणेकऱ्याकडूनच ‘मसाला’ या नावाखाली वसूल होई. धनकोने ऋणकोच्या दारी धरणे धरून बसण्याचीही चाल होती. शिंद्यांच्या छावणीत १८०९ मध्ये असलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी तेथील शिपाई धरणे कसे धरीत, याची वर्णने आहेत. आपण आज धरणे आंदोलन म्हणतो, त्याचे हे पूर्वज. ज्याच्या दारात अहदी दिवसेंदिवस बसला असेल, ज्याच्या घरचे अन्न खाऊन तो हलण्याचे नाव घेत नसेल, त्या जमीनदाराच्या तोंडून ‘अहदी’ हा शब्द कोणत्या सुरात निघत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

म्हणजे या शब्दाचा अर्थ बदलला तो अहदींच्या वागण्यापेक्षा पाहणाऱ्यांच्या नजरेमुळे. शिपायाला दिसले की, हा आपल्या कितीतरी पट पगार घेतो आणि रोज कूच करीत नाही. देणेकऱ्याला दिसले की, हा दारात बसून खातो. बादशहाच्या लेखी जे ‘सज्ज असणे’ होते, ते लोकांच्या लेखी ‘पडून असणे’ ठरले. साम्राज्य ऐन भरात असताना या दोन्ही नजरा शेजारी शेजारी नांदल्या असतील. पुढे अठराव्या शतकात मोगल सत्ता खिळखिळी झाली, बादशहाच नामधारी झाला. तेव्हा त्याच्या खास माणसाची शान कोठून टिकणार? पदवी गेली, मागे लोकांनी दिलेला अर्थ तेवढा उरला.

महाराष्ट्राचा तर मोगल फौजांशी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून संबंध आला आणि औरंगजेबाने आयुष्याची अखेरची पाव शतकभराची वर्षे दख्खनेतच काढली. अरबी आणि फारसी शब्दांचा लोंढा त्या आधीपासून मराठीत येत होता. त्याला आळा घालण्यासाठी शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पण कोश दरबाराला शिस्त लावतो, माजघराला नाही. ‘ऐदी’ माजघरात शिरला तो कायमचा.

पदव्यांचे चढउतार

असे भाग्य किंवा दुर्भाग्य केवळ ‘अहदी’च्याच वाट्याला आलेले नाही. ‘हुजूर’ म्हणजे सन्निधता. राजाच्या सन्निध राहून सेवा करणारा तो हुजऱ्या. आज ‘हुजरेगिरी’ म्हणजे लाचार स्तुतिपाठ. लष्कराबरोबर चालणारे पण न लढणारे लोक म्हणजे बुणगे. त्यांत दुकानदार, सेवक, बायकामुले सारे येत. त्यांच्याविना छावणीची चूल पेटत नसे. आज ‘बाजारबुणगे’ म्हणजे कुचकामी माणसांची गर्दी. उलट ‘मुत्सद्दी’ हा मूळचा हिशेब ठेवणारा कारकून. तो वर चढता चढता थेट राजकारणधुरंधर झाला.

यातला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. लेखणी आणि मसलत ज्यांच्या हाती होती, त्यांचा शब्द वर गेला. जे जवळ उभे राहिले, मागून चालले किंवा बसून राहिले, त्यांचे शब्द खाली आले. कामाचे मोल ठरविताना दिसणाऱ्या हालचालीला आणि बोलणाऱ्या तोंडाला आपण नेहमीच झुकते माप देतो, असा याचा अर्थ.

आळशांची परीक्षा

आळशांच्या बाबतीत समाजाला नेहमीच एक शंका छळत आली आहे- हा खरा गरजू की फुकट खाणारा? मैथिली कवी विद्यापती यांनी पंधराव्या शतकात संस्कृतात लिहिलेल्या ‘पुरुषपरीक्षा’ या ग्रंथात आळशांची एक कथा आहे. मिथिलेचा मंत्री वीरेश्वर दयाळू होता. अनाथ आणि दीनदुबळ्यांबरोबर तो आळशांनाही अन्नवस्त्र देई. कारण आपली भूक भागविण्यासाठीही जो हलत नाही, त्याच्याहून दीन कोण? ही बातमी पसरली आणि चांगले धडधाकट लोकही आळशी बनून तेथे येऊ लागले. खर्च वाढला. तेव्हा अधिकाऱ्यांनी परीक्षा घेण्याचे ठरविले आणि आळशी झोपलेले असताना घराला आग लावली. सोंगाडे धूम पळाले. चौघे तेवढे उरले. हा गलका कसला, असे एकाने विचारले. घर पेटलेले दिसते, असे दुसरा म्हणाला. एखादे ओले वस्त्र कोणी अंगावर घालील का, असा प्रश्न तिसऱ्याला पडला आणि चौथा वैतागून म्हणाला, किती बोलता, जरा गप्प बसवत नाही का? अखेर त्यांना केस धरून बाहेर ओढावे लागले आणि पुढे त्यांना पहिल्याहून अधिक दान मिळाले.

कथा हसविण्यासाठी आहे, पण तिच्यातली सरकारी शंका आजही ताजी आहे. कोणतीही कल्याणकारी योजना निघाली की, ‘यामुळे लोक ऐदी होतील’ हे वाक्य कोठून तरी ऐकू येतेच. महाराष्ट्रात मात्र या शंकेची नेमकी उलटी परीक्षा होऊन गेली आहे. १९७२ च्या दुष्काळात सरकारने कामे काढली तेव्हा भर उन्हात खडी फोडायला आणि माती वाहायला लाखो माणसे आली. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. मजुरी अल्प आणि काम अंगमोड. ऐदी माणूस तेथे फिरकण्याचे कारण नव्हते. मिथिलेत आगीने सोंगे उघडी पाडली. येथे उन्हाने दाखवून दिले की, कामाविना बसलेला माणूस काम नको म्हणून बसलेला असतोच असे नाही. याच अनुभवातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यालाही तिचा आधार होता.

शिक्का कोण मारतो?

आळशीपणाचा शिक्का बहुधा वरून खाली मारला जातो. मलेशियातील समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ मध्ये याच विषयावर एक पुस्तक लिहिले. मलाया, फिलिपाइन्स आणि जावा येथील लोक जात्याच आळशी आहेत, असे युरोपीय राज्यकर्ते शतकानुशतके सांगत आले. अलातास यांनी दाखवून दिले की, हे लोक आपली शेती आणि मासेमारी करीतच होते. फक्त परक्यांच्या मळ्यांवर आणि खाणींत पडेल त्या मजुरीवर राबायला ते तयार नव्हते. आपल्या फायद्याचे काम जो करीत नाही तो आळशी, अशी ही सोयीस्कर व्याख्या होती.

आपल्या शहरांतही अशी उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. इमारतीच्या दारात खुर्चीवर बसलेला सुरक्षारक्षक येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐदी वाटतो. पण रात्रभर त्याने तेथे बसून राहावे यासाठीच त्याला पगार दिला जातो. अग्निशमन केंद्रातील जवान दुपारी पत्ते खेळताना दिसले तर तो शहराच्या भाग्याचा दिवस समजावा. सकाळी नाक्यावर हत्यारे घेऊन उभे असलेले रंगारी, गवंडी, बिगारी दहा-अकरापर्यंत तसेच उभे दिसतात. ते ‘नुसते उभे’ नसतात, काम शोधत असतात. आणि ते न मिळाल्यास त्या उभे राहण्याचा एक पैसाही त्यांच्या पदरात पडत नाही. अकबराच्या अहदीला निदान वाट पाहण्याचे वेतन मिळत होते!

आणि ज्या घरातून या लेखाची सुरुवात झाली, त्या घराचे काय? ‘ती काय, घरीच असते’ हे वाक्य आपल्याकडे अजूनही सहज उच्चारले जाते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास देतात, असे तीत आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी होती ९७ मिनिटे. ज्यांना ‘बसून’ समजले जाते त्या उभ्याच असतात आणि त्यांच्या उभे राहण्यावर बाकीच्यांचे बसणे अवलंबून असते.

ऐदी माणसाला कोणीतरी राबणारा लागतो, हा या शब्दाचा विशेष वर सांगितलाच आहे. तेव्हा हा शब्द उच्चारण्यापूर्वी एक साधी कसोटी लावता येईल. समोरचा माणूस हलतो आहे की बसला आहे, हे पाहू नये. त्याच्या बसण्याचा भार कोण उचलतो आहे, हे पाहावे. जो सज्ज राहण्यासाठी बसला आहे, ज्याला काम मिळालेले नाही म्हणून जो बसला आहे किंवा दिवसभर खपून जो घटकाभर टेकला आहे, तो ऐदी नव्हे. दुसऱ्याने भरून आणलेल्या ताटावर जो हक्काने बसतो आणि ते ताट उचलण्याचेही ज्याच्या मनात येत नाही, त्याला मात्र हा शब्द शोभून दिसतो.

सुटीच्या दिवशी अंथरुणात लोळणाऱ्या चिरंजीवांचे यावर म्हणणे एवढेच असेल की, आपण झोपलेले नसून बादशहाच्या हुकमाची वाट पाहत आहोत. त्यांना सांगायला हरकत नाही की, अहदींनाही हजेरी चुकत नव्हती आणि हजेरीला घोडा दिसला नाही तर खर्ची बंद होत असे.